खारं पाणी मुरेपर्यंत

मित्रांनो, समुद्र इथून किती लांब आहे, हे मला ठाऊक नाही. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावातून एकही बस तिकडे जात नाही. तरी आज माझ्या पोटात खारं पाणी आहे आणि त्यात दोन नारिंगी मासे ऐटीत फिरत आहेत. मी एक जुनी काचेची टाकी आहे. हे सुख माझ्या वाट्याला कसं आलं, ते ऐका.

माझा जन्म नागपूरच्या एका काचवाल्याकडे झाला. त्याने पाच काचा जोडल्या, पाणी भरून कुठे गळतं का ते पाहिलं आणि मला ब्रह्मपुरीच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात पाठवून दिलं. सुईच्या भीतीने रडणारी मुलं माझ्यासमोर आली की गप्प व्हायची. कौतुक अर्थातच माशांचं व्हायचं. टाकीला कोण विचारतो? पिशवीतून आणलेले मासे तिथे त्याच दिवशी नळाच्या पाण्यात सोडत. थोड्याच दिवसांत त्यातले बरेचसे उलटे तरंगू लागत. मुलं यायच्या आत कंपाउंडर ते काढून टाकायचा आणि नवे आणायचा. शेवटी कंटाळून तो म्हणाला की ही टाकीच पनवती आहे. माझ्या जागी टीव्ही आला आणि मी गच्चीवर मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला गेले. खरं सांगते, मलाही त्याचं म्हणणं पटू लागलं होतं. फार वाईट वाटायचं.

तिथून मला सोडवलं ते डिंपलने. तिचे वडील मनसाराम वैनगंगेत जाळं टाकतात आणि आई प्रेमिला ब्रह्मपुरीच्या बाजारात मासे विकते. दवाखान्याच्या वरच राहणाऱ्या डॉक्टरांच्या घरी मासे पोचवायला आईसोबत आलेल्या डिंपलने मला गच्चीवर पाहिलं आणि मागून घेतलं. ती नागपुरात सुनिलभाऊंच्या रंगीत माशांच्या दुकानात काम करायची. ते दुकान आता बंद होणार होतं, म्हणून ती गावी परत आली होती. तिथल्या समुद्री माशांच्या एका जोडीवर तिचा जीव होता. त्यातल्या एकाचा पंख फाटलेला, म्हणून गिऱ्हाईक त्याला नाक मुरडायचं. आणि जोडी फोडायला डिंपल तयार नव्हती. तुझी टाकी तयार झाली की दोघांना घेऊन जा, असं सुनिलभाऊंनी तिला सांगितलं.

घरी आणून डिंपलने मला असं घासलं की मी पुन्हा नवी दिसू लागले. तिने गावातल्या फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवलं, तळाशी वाळू पसरली, सच्छिद्र दगड रचले, पाणी हलवायला छोटा पंप लावला. मग त्यात एक मेलेला झिंगा टाकला आणि आईवडिलांना कारण सांगितलं. मासा पाण्यात घाण करतो. त्या घाणीचं विष होतं आणि त्या विषानेच मासा मरतो. ते विष खाऊन टाकणारे बारीक जिवाणू दगडांत आणि वाळूत आधी वाढावे लागतात. त्यांना वाढवायचं तर आधी काहीतरी सडायला हवं. मनसाराम म्हणाला, "म्हंजे लोणच्यावानी मुरू द्या लागते."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की दवाखान्यातले मासे माझ्या नशिबाने मेले नव्हते. ते कच्च्या पाण्याने मेले होते. माझ्या मनावरचा केवढा भार उतरला!

पण प्रेमिलाला एक गोष्ट काही केल्या पचेना. बाजारात तिने कधी शिळा मासा विकला नव्हता. तिच्या टोपलीतला मासा लोक न हुंगता घ्यायचे, हाच तिचा मान. आणि आता तिच्याच घरात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा एक झिंगा सडत पडणार होता. मग ती रोज सकाळी डिंपल उठायच्या आत तो झिंगा काढून मांजरीला टाकायची आणि टोपलीतला एक ताजा झिंगा अलगद माझ्यात सोडायची. मांजर गोल गरगरीत झाली. मी मात्र उपाशीच राहिले.

झिंगा जसाच्या तसा दिसतो, याचं डिंपलला नवल वाटायला हवं होतं. पण खारवलेले मासे महिनोन् महिने टिकलेले बघतच ती लहानाची मोठी झाली होती. मिठाच्या पाण्यात टिकत असेल, असं ती धरून चालली. पाणी तपासायच्या औषधाची पेटी बाहेरून मागवली होती, ती बरीच उशिरा आली. डिंपलने नळीत थेंब टाकले. पाण्यात विष असतं तर रंग हिरवा झाला असता. तो पिवळाच राहिला. विष होऊन गेलं आणि जिवाणूंनी ते खाऊनही टाकलं, असा तिचा समज झाला. ती आनंदाने नाचायची बाकी होती. विष मुळात झालंच नव्हतं, हे तिला कोण सांगणार? मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

मनसाराम मासे आणायला नागपूरला गेला. प्रेमिलाने गल्लीतल्या बायकांना बोलावून ठेवलं. मनसारामने तर मच्छीमार सोसायटीतल्या सगळ्यांना आमंत्रण दिलं होतं. अंगणात सतरंजी पडली. शेजारची जया सगळ्यांच्या आधी आली आणि ओट्यावर पसरलेली मांजर बघून हसत सुटली. हिला काय खाऊ घालता, असं तिने विचारलं.

"रोज एक झिंगा भेटते न तिले," प्रेमिला कौतुकाने म्हणाली. "मासोळीवालीच्या घरी सडका झिंगा ठेवाव का? रोज सकारी ताजा टाकून राह्यली मी."

डिंपलने हातातला कप तिथेच ठेवला. तिने धावत येऊन पुन्हा पाणी तपासलं. जिवाणूंनी काम केलं की जी खूण मागे राहते, तीही या वेळी पाहिली. ती खूण पाण्यात नव्हतीच. तिने वडिलांना फोन लावला. बस तेव्हा भिवापूरला थांबली होती आणि माशांचा डबा मनसारामच्या मांडीवर होता. डिंपलने रडत रडत सगळं सांगितलं.

त्याने एकच प्रश्न विचारला. "आज सोडल्या त मरतीन का बाई?"

"हो बाबा."

"मंग परत नेतो मी. तू रडू नोको."

साऱ्या गावाला आमंत्रण देऊन बसलेला तो माणूस डबा छातीशी धरून उतरला आणि समोरून आलेल्या बसने नागपूरला परत गेला. सुनिलभाऊंनी त्या जोडीला आपल्या घरी एका टबात जागा करून दिली. देव त्यांचं भलं करो.

इकडे प्रेमिला अंगणात गेली. मुलीला पुढे न करता तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, "पाणी कच्चं हाये अजून. आमच्या घरी आता झिंगा सडन, अन् मी सडू देईन."

काही बायका तोंडाला पदर लावून हसल्या. प्रेमिलाने मनावर घेतलं नाही. मग मला खरोखर वास सुटला. प्रेमिला नाक दाबून घर झाडायची आणि मांजरीला काठीने हाकलायची. आल्यागेल्याला वासाचं कारण तीच समजावून सांगू लागली. नळीतला रंग हिरवा झाला, तेव्हा ती डिंपलपेक्षा जास्त हरखली. दगडांवर तपकिरी शेवाळ आलं. पुढे हळूहळू रंग पुन्हा पिवळा झाला आणि या वेळी जिवाणूंची खूणही पाण्यात सापडली. डिंपलने पाणी बदललं आणि वडिलांना गाडी धरायला सांगितलं.

त्या सकाळी अंगणात सतरंजी नव्हती. घरचे तिघेच होते. डिंपलने डब्यातल्या माशांच्या पिशवीत थेंब थेंब माझं पाणी घातलं आणि मग दोघांना हळूच सोडलं. फाटक्या पंखाचा आधी दगडामागे लपला, नंतर बाहेर आला. आठवडा गेला, महिना गेला. कुणीही उलटं तरंगलं नाही. आजही रोज सकाळी मी दोघांना मोजते आणि दोघेही असतात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जीव आणायचा असेल, तर आधी त्याचं घर त्याच्यासाठी तयार होऊ द्या. लोक हसले तर हसू द्या. तयारी झाली नसेल, तर अर्ध्या वाटेवरून परत फिरायची लाज बाळगू नका. दवाखान्यात मी भरलेली असायचे आणि सगळे माझ्यासमोर गोळा व्हायचे, पण माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. ज्या दिवशी मनसाराम भिवापूरला बसमधून उतरला, त्या दिवशी माझ्यात एकही मासा नव्हता. तरी तोच माझ्या आयुष्यातला सगळ्यात भरलेला दिवस होता.