भाऊची घट

आमच्या गावच्या चैत्रातल्या यात्रेत मानाची काठी आमच्या घरची. चोवीस किलोचा बांबू, वर पितळी कळस, आणि देवळाला पाच फेऱ्या. मध्येच काठी टेकली तर मान चुलत घराकडे जातो. गेल्या वर्षी माझा थोरला भाऊ, कारभारी, पाचव्या फेरीत इतका डगमगला की चुलतभाऊ पुंजाराम पागोटं सावरून पुढे सरसावला. काठी टेकली नाही, पण ते पागोटं सावरणं भाऊच्या मनात रुतलं.

अंग जड झालं म्हणून डगमगलो, असं समजून पौषात त्यानं वजन उतरवायचं ठरवलं. पंचवटीत त्याचा कांद्याचा गाळा आहे, मागेच घर. मी त्याच गल्लीत राहते आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पहाटे तो रेनकोट घालून, वर मफलर गुंडाळून गोदाघाटावर पळायचा. पाण्याचा थेंब नाही. परत आला की गाळ्यावरच्या काट्यावर चढायचा.

"संध्या, बघ! अठ्ठ्याऐंशी चारशे होतो, सत्त्याऐंशी तीनशे झालो. चरबी नुसती गळतेय!"

"रोज एवढं गळत असेल तर यात्रेपर्यंत दिसायचे नाहीत हे," सविता वहिनी म्हणाली.

पोट कमी व्हावं म्हणून तो आडवा पडून शंभर वेळा उठून बसायचा. पोट होतं तिथेच राहिलं, मान मात्र आखडली. पंधरा दिवस मी रोजचे आकडे टिपून ठेवले. सोळाव्या दिवशी पळून आल्यावर सत्त्याऐंशी तीनशे भरून तो काट्यावरून उतरताच दोन तांबे पाणी पुढे केलं.

"पी, आणि परत चढ."

अठ्ठ्याऐंशी चारशे.

"काटा बिघडला!"

"हाच काटा गिऱ्हाइकाला चालतो ना?" मी विचारलं. "भाऊ, कांदाचाळीत साठवलेला कांदा सहा महिन्यांत वजनाला कमी का भरतो?"

"घट येते. पाणी उडतं त्यातलं. पोराला विचारलं तरी सांगेल."

"मग रेनकोटात काय उडतं?"

तो काट्यावरून खाली उतरला. वहिनी आत हसली.

"मग काठी कशी उचलू गं?" आवाज अगदी खाली आला होता.

"उचलूनच."

"या वयात वजनं? हाडं झिजतील माझी!"

"छप्पन्न वर्षांच्या हाडांना वजन हवंच असतं. हळूहळू वाढवायचं, एवढंच. वहिनीची झिजली का? परवा भरलेला सिलिंडर तिनंच आत नेला. तू दार धरून उभा होतास."

"दार लय जड हाय ते," वहिनी म्हणाली.

त्या दिवशी दहा किलो कांदे गोणीत भरून त्याच्या खांद्यावर दिले. गाळ्याच्या आवारात पाच फेऱ्या, एक दिवसाआड. दर आठवड्याला दोन किलो वाढ. रेनकोट खुंटीला गेला. पहाटे चालणं चालू राहिलं, पण पाणी पिऊन. महिन्यानं भाऊ कुरकुरला, "वजन तर उतरतच नाय!" मी म्हटलं, "फेऱ्या किती झाल्या ते सांग."

यात्रेच्या दिवशी पुंजाराम सकाळपासून पागोटं बांधून देवळाच्या पायरीवर बसला होता. पहिल्या तीन फेऱ्या भाऊ सहज चालला. चौथीत कळस थोडा कलला. पुंजाराम उठला. मी बोटांनी पदर पिळत होते. आकड्यांचा मला त्या वेळी काही उपयोग नव्हता. भाऊनं पकड घट्ट केली, श्वास सोडला, आणि पाचवी फेरी पुरी करून काठी देवळाला टेकवली.

गुलाल उधळला. पुंजारामनं भाऊला बाजूला ओढलं. मी शेजारीच होते.

"किती वजन उतरवलं रे?"

"तीनशे ग्रॅम."

"थट्टा नको. खरं सांग, काय गुपित शे तुनं?"

भाऊनं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या कानाशी लागला. "रेनकोट. अंगात घालून पळायचं. वर मफलर. चरबी नुसती गळते."

पुंजाराम गंभीरपणे मान डोलवू लागला. भाऊनं माझ्याकडे पाहून डोळा मारला. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं तिथेच चूक दुरुस्त करायला हवी होती. पण काठी आमच्या घरची आहे.

"पुंजारामदादा," मी एवढंच म्हटलं, "पाणी तेवढं भरपूर प्या."