कडूकंद आणि अडवलेला ओहळ

मित्रांनो, माझ्या अंगात विष आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. मी पेठच्या डोंगरातला एक म्हातारा कडूकंद आहे. वर विड्याच्या पानांसारख्या पानांचा वेल आणि खाली मातीत मी. रानडुकरांनी मला उकरून संपवू नये म्हणून निसर्गाने मला विष दिलं. ते मी कधी कोणापासून लपवलं नाही. कच्चा चाखला तर इतका कडू लागतो की माणूस थुंकतोच. याहून मोठ्याने वेलाने काय ओरडायचं?

तरी बदनाम आम्हीच. बाणाला विष फासणारे हात माणसांचे, राजाच्या पेल्यात ते कालवणारे हातही माणसांचेच. नाव मात्र झाडाचं खराब होतं. याचा मला फार राग येतो आणि आज मी तो गिळणार नाही.

माझं विष काढायची रीत आमच्या पाड्यावरच्या बायकांकडे होती. पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे आणि टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहळात ठेवायचे. पाणी विष घेऊन जायचं. सकाळी घरातली सर्वांत म्हातारी बाई एक काप खाऊन दुपारपर्यंत थांबायची. तिला काही झालं नाही, तरच पोरांच्या ताटात मी पडायचो. तेव्हा मी सगळ्यांचा लाडका होतो बरं का.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. शेतातलं नागलीचं पीक करपलं. विठाबाई आणि तिची सून कुसाबाई मला खणायला आल्या, कारण घरात कुसाबाईची लहानगी मैना आणि तिचा भाऊ उपाशी होते. त्यांनी माझा मोठा तुकडा नेला. पण ओहळ वाहत नव्हता. वरच्या अंगाला रस्त्याचं काम चाललं होतं आणि ठेकेदाराने खडीवर मारायला पाणी हवं म्हणून मातीच्या गोण्या टाकून ते अडवलं होतं. खाली नुसते दगड आणि एखादं डबकं.

कुसाबाई बांधावर गेली. मुकादम गोटीरामला म्हणाली, "दादा, एक रात पानी सोडा. कंद धुवायचा हाय, पोरां उपाशी हायत."

"कंद धुवायला रस्ता थांबवू का?" असं म्हणून तो हसला. ते हसू मी अजून विसरलो नाही.

तिने डबक्यातलं पाणी हंड्यात भरून त्यात उकडलेले काप भिजवले. पुन्हा पुन्हा पाणी बदललं. पण तेवढ्याशा साचल्या पाण्याने काय होणार? सकाळी ती म्हणाली की आज मीच चाखते. सासूने तिचा हात धरला.

"तू राहलीस तर पोरां जगतील," विठाबाई म्हणाली आणि तिने काप तोंडात टाकला. कडवटपणा तिला कळलाच असणार. तरी घरात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तिने तो गिळला. दुपारी उलट्या सुरू झाल्या आणि संध्याकाळी ती गेली. पोरांनी घास घेतला नव्हता, म्हणून दोघं वाचली.

चौकशीला कोणी साहेब आले. कंदाने म्हातारी मारली, असं ठरवून त्यांनी सगळे वेल खणून जाळायला लावले. बांधाकडे त्यांनी मानही वळवली नाही. मी एका खडकाच्या फटीत उरलो. कुसाबाईने बांधाचं नाव साहेबांपुढे काढलं नाही आणि घरातही नाही, कारण त्याच रस्त्यावर खडी फोडून तिला पोरं जगवायची होती. तिच्यावर माझा राग नाही.

आता पंच्याऐंशी साल उजाडलंय. मैना मोठी झाली आहे. या वाटेने जाता-येता ती माझ्या वेलावर थुंकते. आजीला मी मारलं, एवढंच तिला माहीत आहे.

मित्रांनो, मला खुशाल भ्या. मला तोंडाला लावू नका. पण मैना भेटली तर तिला सांगा, की तिच्या आईने एका रात्रीचं पाणी मागितलं होतं आणि ते कोणी दिलं नाही.