नावाच्या रकान्यातला हुकूम

माजिवड्याच्या टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, दिवे सगळं एकाच संगणकी डब्याच्या ताब्यात होतं. दारावरच्या पाटीसाठी त्यात आपलं नाव टाइप करायची मुभा सगळ्यांना होती. पार्किंगच्या भांडणावरून चिडलेल्या तिथल्याच सर्वेशने नावाला जोडून लिफ्ट सुसाट पळवायचा हुकूमच टाइप केला, आणि डब्याने तो मुकाट पाळला. लिफ्ट बावीस मजले वर-खाली अशी आपटू लागली की गच्चीवरच्या टाक्या उडून वर्तकनगरात पडल्या. लिफ्टमध्ये वॉचमन दगडूची बायको रंगूबाई होती.

"थांबव रे!" दगडूने सर्वेशचं मानगूट धरलं.

"काका, डबा आता माझंही ऐकत नाही!"

दगडूने आधी त्याचं नाक फोडलं, मग पहारीने डब्याचा भुगा केला. लिफ्ट थांबली. रक्ताळलेल्या कपाळाने रंगूबाई बाहेर आली.

"अहो, ती पहार द्या इकडे. कोणाचा उद्योग हा?"

सर्वेश तोवर टेंभी नाक्याला पोचला होता.