अकराने भाग न जाणारा बिल्ला

माझ्या दादाला अकराचं वेड होतं. कारखान्याच्या हजेरी विभागात तो कारकून. कामगारांना आठ आकडी बिल्ले द्यायचं काम त्याचं, आणि प्रत्येक क्रमांकाला अकराने भाग गेलाच पाहिजे असा नियम त्याने हट्टाने लावून घेतला होता. शेवटचा अंक तो तसाच जुळवायचा.

"लोक शेजारशेजारचे अंक उलटे लिहितात गं. मग भाग जात नाही, चूक जागेवर सापडते." जेवतानाही हेच. वहिनी वैतागायची, "अकराशीच लग्न करायचं होतंस!" मी शाळेत गणित शिकवते, म्हणून माझं डोकं जरा जास्तच खायचा.

सकाळी बॉयलर फुटला. हजेरी विभाग त्याला लागूनच. दुपारी फाटकावर मृतांची यादी लागली, हाताने लिहिलेली. नावं ओळख पटल्यावर लागणार होती; तोवर ज्याच्या अंगावर जो बिल्ला सापडला, त्याचा क्रमांक.

वहिनीने दादाचा क्रमांक तळहातावर लिहून आणला होता: ४७१०९३८१. यादीत शेवटून दुसरा होता ४७१०९८३१.

"तो नाही! बघ ना, ह्याचं तीन-आठ आहे, तिथे आठ-तीन. दुसराच कुणीतरी आहे." तिचा जीव भांड्यात पडला. मग त्या दुसऱ्यासाठी तिला रडूही आलं.

मला तो आकडा नुसता वाचून सोडता आला असता तर! पण मेली सवय. एक सोडून एक अंक घेतले: चार, एक, नऊ, तीन. सतरा. उरलेले सात, शून्य, आठ, एक. सोळा. फरक शून्य किंवा अकरा यायला हवा, आला एक. मी तीनदा मोजलं, पहिलीतल्या पोरासारखी बोटं धरून. भाग जात नव्हता. म्हणजे असा बिल्ला दादाने कुणाला दिलेलाच नव्हता. मला त्याचा भयंकर राग आला.

तरी वाटलं, कुणा तिसऱ्याचा एखादा अंक चुकला असेल. देवाकडे असं मागताना लाज वाटली, पण मी मागितलं. वहिनीला तिथेच सोडून फाटकाजवळच्या खिडकीशी गेले.

"यादीतला हा क्रमांक चुकलाय. मूळ बिल्ला बघता का?"

"चुकलाय कशावरून?"

"अकराने भाग जात नाही."

त्या माणसाने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं, पण पत्र्याचा डबा पुढे ओढला. एक काळवंडलेला बिल्ला काढून अंगठ्याने पुसला आणि एकेक अंक वाचला.

"तीन-आठ आहे की! घाईत उलटं झालं. बरं झालं सांगितलंत, बाई."

पेन घेऊन तो बाहेर आला आणि यादीतले दोन अंक खोडून नीट लिहून गेला. वहिनीची तिकडे पाठ होती. ती फोनवर ओरडून सांगत होती, "आई, तो यादीत नाही! ऐकू येतंय ना? नाहीये तो!"

मी हात पुढे केला.

"वहिनी, फोन दे. आईशी मी बोलते."