सास्तूरचे मेजर

सास्तुरातला रणधीर भरती झाला त्याच दिवशी मेजर झाला. तो घरी पोचायच्या आत मंडळींनी त्याला "या मेजर" म्हणून हॉटेलात बसवलं आणि चहा पाजला. पलटणीत शिपायापासून मेजरपर्यंत किती पायऱ्या असतात, याची चौकशी गावानं कधी केली नाही. वर्दी चढली की माणूस मेजर, विषय संपला. त्याच्या आईच्या, तुळजाबाईच्या, तोंडून तर पोराचं खरं नाव ऐकायला मिळणंही दुर्मीळ झालं होतं.

या मेजरची लेक आरोही पाच महिन्यांची झाली, तरी त्यानं तिला फक्त मोबाइलवरच पाहिलेलं. रजा आता मिळणार म्हणता म्हणता बदलीचा हुकूम आला, काश्मिरातून थेट अंदमान. आता पुढची रजा कधी, ते कुणीच सांगू शकत नव्हतं. पलटणीतल्या एका जोडीदाराच्या फोनवरून त्यानं घरी कळवलं, की हैदराबादला विमान बदलायचंय, मधे काही तास आहेत, पण तुम्ही येऊ नका. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, उगाच हेलपाटा. त्याचं काश्मीरचं सिम इकडे चालत नव्हतं, म्हणजे उलट फोन करायचीही सोय नाही.

"येऊ नका म्हणतोय, म्हंजी लई आठवण येतीय त्येला," तुळजाबाईनं सुनेला सांगितलं.

आणि तिनं शेजारच्या बलभीमची जीप काढायला लावली. सून शिवांजली बाळाला घेऊन मागं बसली, तुळजाबाई धपाट्यांचा डबा मांडीवर धरून पुढं. उमरग्याला हायवे लागल्यापासून ट्रकच्या मागं रेंगाळायचं नाही, अशी तिनं बलभीमला ताकीद दिली होती.

विमानतळाच्या दारात मात्र तिची सगळी हुशारी संपली. तिकिटाशिवाय आत जाता येईना. पहारेकऱ्यानं तिची घालमेल बघून एका कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं फौजी आणि त्यांच्या घरच्यांच्या मदतीसाठी टेबल मांडलेलं होतं, आणि टेबलामागे पांढऱ्या मिशांचे महांतप्पा बसलेले होते. उमरग्याच्या पलीकडच्या गावातले, फौजेतून निवृत्त झालेले. आता रोज इथं येऊन, येणाऱ्याजाणाऱ्या जवानांची आणि त्यांच्या बायकापोरांची आपल्या घरचं कार्य असल्यासारखी सरबराई करायचे. तुळजाबाईची बोली कानावर पडताच ते उठले. नावगाव विचारायच्या आधीच त्यांनी खुर्ची दिली, बाळासाठी गरम पाणी मागवलं आणि शिवांजलीला बाळ पाजायची खोली दाखवली. तुळजाबाईला तिथंच बरं वाटायला लागलं.

"कुणाला भेटायचंय, आक्का?"

"आमच्या मेजरला. सास्तूरचा रणधीर. अंदमानला चाललाय."

मेजर म्हटल्यावर महांतप्पा ताठ झाले. त्यांनी आत फोन लावला, ऐकून घेतलं, पुन्हा दुसरीकडे लावला.

"त्या विमानात आज एकबी मेजर न्हाय, आक्का."

तुळजाबाई खुर्चीतून उठलीच. पोरगं वाटेतच कुठं अडकलं, का आधीच उडालं? एवढ्या लांब आणलेली नात तशीच परत न्यायची? इतक्यात शिवांजली बाळाला खांद्यावर घेऊन आली.

"आत्या, ते मेजर न्हाईत. नाईक हायत, हवालदाराच्या खालचे."

सुनेनं भर बाजारात नवऱ्याची पदवी उतरवावी, तशी तुळजाबाई तिच्याकडे बघत राहिली. महांतप्पांनी मात्र कपाळाला हात लावला.

"चूक माझीच. म्या हवालदार म्हणून घरी आलो, पर गावात पहिल्या सुट्टीपास्नं मेजरच हुतो. मलाच समजाय पायजे हुतं."

एवढं बोलून ते पास दाखवून आत गेले. विमानाला फारसा वेळ उरला नव्हता. बलभीम येरझाऱ्या घालत राहिला. तुळजाबाईनं आईभवानीचं नाव घेतलं आणि दाराच्या काचेवरची नजर हलवली नाही.

काच सरकली आणि महांतप्पांच्या मागून रणधीर आला, केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. येताना गाडीत आईनं बोलायचं बरंच ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ती "वाळलास" एवढंच म्हणाली. त्यानं हात पँटला दोनदा पुसले, मग लेकीला घेतलं. आरोहीनं कपाळाला आठी घातली, बापाकडे नीट बघून घेतलं आणि त्याची मिशी मुठीत धरली. रणधीर हसला आणि रडलाही, आणि त्यानं दोन्ही लपवलं नाही.

महांतप्पा तेवढा वेळ पाठ करून स्वच्छ असलेलंच टेबल पुसत राहिले.

"एवढ्यात सापडला कसा?" तुळजाबाईनं विचारलं.

"आराम करायच्या खोलीत धा-बारा जण तोंडावर पांघरूण घेऊन झोपल्याले. दोन-दोन दिस परवास करून आल्याली पोरं, सगळ्यास्नी उठवाय जीव हुईना. मग हळूच म्हणलं, सास्तूरचे मेजर, आई आलीय. एकच पांघरूण हाललं."

आपल्या माणसांची झोप मोडू नये म्हणून एवढा विचार करणारं कुणी लेकाच्या वाटेवर आहे, या गोष्टीनं तुळजाबाईचा ऊर भरून आला. धपाट्यांचा डबा तिनं लेकाकडे दिला. महांतप्पांनी त्याची पिशवी खांद्यावर घेतली आणि त्याला थेट विमानाच्या रांगेपर्यंत पोचवून परत आले.

बलभीम निघायची घाई करत होता, पण तुळजाबाई टेबलापाशीच थांबली होती.

"अप्पा, तुमाला अजून म्हणत्यात का गावात मेजर?"

"आई म्हणायची. ती गेल्यापास्नं कुणी न्हाय. हितं सगळे सर म्हणत्यात."

तुळजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

"येते, मेजर."

 जीप नजरेआड होईपर्यंत महांतप्पा बाहेर उन्हात उभे राहिले.