हिरडटोल्याचं डोळ्यांचं शिबिर

हिरडटोल्याचं आरोग्य केंद्र गाईच्या कोठ्यात जन्माला आलं, आणि ही गोष्ट इतवारी मडावी येणाऱ्या प्रत्येक साहेबाला छाती पुढे काढून सांगत असे. कोठा नीलाबाईचा. ज्या साली हिवतापाने टोल्यातली घरंच्या घरं आडवी पडली, त्या साली अहेरीहून नर्स आली. तिला बसायला जागा नव्हती. नीलाबाईने गाय बाहेर आंब्याखाली बांधली आणि म्हणाली, "बस इथी." पुढे कित्येक महिने नर्सच्या दिवशी ती गाय हक्काने दारात येऊन उभी राहायची, आणि आधी आपल्यालाच तपासावं असा चेहरा करायची.

तिथून पुढचं सगळं इतवारीने ओढून आणलं. केंद्राच्या समितीचा अध्यक्ष तो, आणि चिकाटी अशी की साहेब लोक त्याला लांबून येताना पाहून चहाला निघून जायचे. पत्रे आले, दार आलं. डॉक्टर आला आणि पहिल्याच पावसाळ्यात पळाला. दुसराही पळाला, पण जाताना खुर्ची ठेवून गेला, म्हणून त्याचं नाव टोल्यात अजून आदराने घेतात. शेवटी मूल गावच्या माधवी डॉक्टर आल्या आणि टिकल्या. कोठ्याच्या जागी पक्क्या खोल्या झाल्या आणि यंदा त्यात आणखी एक वाढली, हिरव्या फरशीची, ऑपरेशनची.

या खोलीतलं पहिलं शिबिर ठरलं ते हायड्रोसीलचं. या मुलखावर हत्तीरोगाच्या डासांची कृपा मोठी. बाप्या माणसाचं जे सुजायचं ते सुजतं, आणि सुजलेलं लुंगीखाली झाकून तो जन्मभर ऐटीत हिंडतो. चंद्रपूरच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, पेशंट मिळाले तर दर महिन्याला येऊ, नाहीतर टेबल आणि दिवा उचलून दुसरीकडे नेऊ. माधवी डॉक्टरांनी घरोघर विचारलं. एकाही बाप्याला काही झालेलं नव्हतं.

इतवारीलाही नव्हतं. सायकल सोडली ती गुडघ्यामुळे, सभेत तिरपा बसतो ती त्याची पद्धत, आणि घेराची लुंगी धरली ती उन्हामुळे. लग्नात ढोल वाजला की सगळ्यांच्या आधी उठणारा हा माणूस हल्ली भाताच्या हंड्यापाशी बसून राही आणि भात बरोबर शिजलाय की नाही यावर मत देई. त्याला भीती वाटायची. चाकूची नाही, लोक हसतील याची. केंद्रासाठी त्याने दहा साहेबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, पण टोल्यातल्या बायकांचं एक हसू त्याला सोसणार नव्हतं.

पण टेबल जाऊ द्यायचं नव्हतं. त्याने बाप्यांना मोहाच्या झाडाखाली गोळा केलं.

"आपून सांगू, डोळ्याचं शिबिर हाये," तो म्हणाला. "आत गेल्यावर कोन पाह्यते? बाहेर येतानी काळा चष्मा लावाचा."

"अन् चाल वाकडी पडन, तं?" कुणीतरी विचारलं.

"दिसत नाई त वाकडीच पडन ना!"

हे सगळ्यांना इतकं पटलं, की आधी का नाही सुचलं म्हणून दोघं हळहळले. इतवारीने अहेरीच्या बाजारातून काळ्या चष्म्यांचा गठ्ठा आणला. माधवी डॉक्टर मीटिंगला गेल्याचं पाहून त्याने कोतवालाकडून दवंडी पिटवली. मग एकेक बाप्या डॉक्टरांच्या कानात खरं दुखणं सांगून आला आणि चौकात येऊन डोळे चोळत बसला. आठवडाभरात टोल्यातल्या सगळ्या पुरुषजातीची नजर गेली.

दवंडी मात्र नदीपलीकडेही ऐकू गेली. तिथे नीलाबाई लेकीकडे राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. शिबिराच्या सकाळी ती काठी टेकत आली, ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि सगळ्यांच्या पुढे पायरीवर बसली.

इतवारी पुढे झाला. "बाई, डोळ्याची मशीन अजून आली नाई," त्याने थाप मारली.

"येऊ दे. मले काय घाई हाये? मी इथीच बसते."

ती बसली. बापे तिच्या बाजूने चोरासारखे आत सरकू लागले. इतवारीने मागून उघडा असलेला हिरवा झगा चढवला आणि टेबलावर आडवा झाला. कमरेत द्यायचं इंजेक्शन सर्जन भरत होते. खिडकी उघडी होती. बाहेर नीलाबाई कुणाला तरी सांगत होती, "इतवारीचेबी डोळे गेले म्हनतेत. पुऱ्या टोल्यासाठी धावला बिचारा. मी कोठा देल्ला तवा काई मांगलं नाई. आता मशीन आली का तो मलेच पयले बोलावन, पाहा तुमी."

इतवारी उठून बसला. सर्जन "अहो, अहो" करेपर्यंत तो दारात पोचलाही होता. झग्याची मागची बाजू आठवली तशी त्याने पाठ भिंतीला लावली आणि तिथून ओरडला, "बाई, डोळ्याचं शिबिर नाई हे! हायड्रोसीलचं हाये. मले हाये. ह्या सगळ्याइले हाये. दवंडी मी खोटी देल्ली!"

चष्मेवाले बापे जमिनीकडे बघू लागले. बायकांमधून त्याची बायको सीता पुढे आली. "पुऱ्या बायाइले मालूम हाये," ती म्हणाली. "लुंग्या आमीच धुतो."

मग जे हसू फुटलं, त्यालाच तर इतवारी इतकी वर्षं घाबरत होता. पण ते त्याच्या कानापर्यंत पोचलं नाही, कारण नीलाबाई हसत नव्हती. तिने काठी चाचपली. "माह्याच कोठ्यात, इतवारी?" एवढंच म्हणाली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, तुमचे डोळे होयेपर्यंत मी त्या टेबलावर चढत नाई," तो म्हणाला आणि डोळे पुसायला झग्याचं टोक उचलणार होता, पण सीतेने वेळेवर हात धरला.

बाकीचे बापे चष्मे काढून मुकाट आत गेले. लपवायला आता उरलं काय होतं? टेबल वाचलं. माधवी डॉक्टरांनी दवंडीवरून इतवारीला असं झापलं, की तो पुढचे दोन दिवस केंद्रावरून वळसा घालून जात होता. मग चंद्रपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. बसमध्ये जागा असली तरी तो उभाच राही, बसणं आता होत नव्हतं. डोळ्यांचे डॉक्टर त्याला लांबून पाहून चहाला जाऊ लागले, तेव्हा आपलं काम होणार हे त्याने ओळखलं.

धानाची कापणी झाल्यावर डोळ्यांचं पथक आलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी माधवी डॉक्टरांनी नीलाबाईच्या डोळ्यावरची पट्टी सोडली. बाईने चहूकडे पाहिलं.

"माहा कोठा कुठी हाये?"

"हाच तं हाये, बाई," सीता म्हणाली.

तिने हिरव्या फरशीवर पायाचा अंगठा घासला. "माही गाय घसरून पडली असती इथी," म्हणाली. मग इतवारी तिच्यासाठी पाणी घेऊन फेंगडा फेंगडा येताना तिला दिसला. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काऊन रे, तू अजून तसाच? सर्जन आला हाये ना आज? जा, चढ. मी बसते बाहेर."

टेबलावर यावेळी इंजेक्शन मिळालं आणि कमरेखाली सगळं बधिर झालं. खिडकी उघडीच होती. पायरीवर नीलाबाई इतवारीने आणलेल्या गठ्ठ्यातला काळा चष्मा लावून बसली होती. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, "आत कोन हाये, बाई?"

"इतवारी," नीलाबाई अर्ध्या टोल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हायड्रोसील हाये त्याचं. डोळे चांगले हायेत."

इतवारीला हसू फुटलं. ते थांबेना, तसे सर्जन ओरडले, "अहो, हलू नका!"