हार्ड डिस्कची कुंची

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच चेहरा पाडू नका. आज माझी तब्येत ठणठणीत आहे. मध्यंतरी मात्र माझी फार पंचाईत झाली होती, आणि ती झाली लाडामुळे. ऐका तर.

दिसायला मी पाकिटाएवढी काळी डबी. पोटात एक गुळगुळीत चकती आहे. वायर जोडली की ती गरगर फिरते आणि तिच्यावर एक नाजूक काटा, न टेकता, भिरभिरतो. तोच लिहितो, तोच वाचतो. कारखान्यात मला घडवताना धुळीचा कणसुद्धा आत येऊ दिला नव्हता. मग खोक्यात बसून मी सिल्वासाला आले, किलवणी नाक्यावरच्या एका दुकानात. तिथून नवनाथने मला घरी नेलं. नवनाथ राखोलीला सुताच्या कंपनीत मशीन चालवतो. घर अथालला, चाळीत. त्याची बायको रोहिणी तेव्हा पहिलटकरीण होती. "बाळाचे फोटो मोबाइलमध्ये मावायचे नाहीत," ती म्हणाली, म्हणून मी आले. बाळाच्याही आधी आले, म्हणजे त्या घरातली थोरली मीच!

मग सोनम जन्मली. तिचं पहिलं बोळकं हसू, पहिलं पाऊल, भिंतीवरची पहिली रेघोटी, सगळं माझ्या पोटात आलं. तिच्या बारशाला धुळ्याकडून आजी आली होती, नवनाथची आई भिमाबाई. तिने स्वतः रचलेला पाळणा म्हटला, तिच्या अहिराणी बोलीत. 'तुना आजाना मयामा मोर नाचस', म्हणजे तुझ्या आजोबांच्या मळ्यात मोर नाचतो. रोहिणीने तो मोबाइलवर टिपला आणि माझ्याकडे ठेवला. पुढे तो मोबाइल नवनाथच्या खिशातून सटकून दमणगंगेत गेला, तेव्हा रोहिणीने मला छातीशी धरलं. "बरं झालं बाई, तू आहेस!" इतकं कौतुक कोणत्या डबीच्या वाट्याला येतं?

यंदा उन्हाळ्यात घरात दुसरं बाळ यायचं होतं. भिमाबाई बाळंतपणाला आली. मी टेबलावर उघडीच पडलेली तिला बघवेना.

"माय वं! इतला मोठा खजिना, नि आंगवर चिंधी बी नही?"

होणाऱ्या बाळासाठी ती कुंची शिवत होती, डोक्यावरून पाठीवर येणारं ते टोपडं. उरलेल्या कापडात तिने मलाही एक शिवली. आत कापूस, वर गोधडीचे टाके, नाडी, आणि वायरीपुरतं तोंड उघडं. मला ती फार आवडली. आजवर माझं माप कुणी घेतलंच नव्हतं!

आणि मित्रांनो, तेव्हापासूनच मी आजारी पडले. वायर जोडली की थोडा वेळ बरं वाटे. मग अंग तापे, काटा अडखळे आणि कॉम्प्युटरवरून मी गायब! नवनाथने वायर बदलली. कॉम्प्युटरचं पुढचं भोक सोडून मागच्या भोकात लावून पाहिली. शेजारच्या प्रमिलाताईंच्या लॅपटॉपला जोडून पाहिलं. दर वेळी तेच. मी आजारी म्हणून रोहिणी कुंचीची नाडी आणखी घट्ट बांधी. मी आतून सांगत होते, पण माझी भाषा म्हणजे नुसती किरकिर. तान्ह्या बाळाचीच.

बाळ आलं, मुलगी. बारशाच्या आदल्या दिवशी सोनमने आजीला बर्फाचा गोळा खाऊ घातला. आजीला तो इतका आवडला की तिने आणखी एक मागवला. संध्याकाळी घसा ठार बसलेला!

"आई, आता पाळणा कोण म्हणणार हो?" रोहिणी रडवेली झाली. भिमाबाईला शब्द गातानाच आठवत. नुसते सांगा म्हटलं तर एक ओळ येत नसे.

"मना आवाज त्या डबीमा शे ना," भिमाबाई माझ्याकडे बोट करून कुजबुजली.

झालं, सगळे माझ्यासमोर बसले. मला जोडलं, मी धडपडले, पण पडद्यावर भलताच प्रश्न आला: फॉरमॅट करायची का? नवनाथने कंपनीतल्या योगेशला फोन लावला.

"फॉरमॅट मार ना यार! एकदम नवी होऊन जाईल."

"आतलं राहील ना पण?"

"आतलं? आतलं जाईल ना. पण चालेल एकदम मक्खन!"

नवनाथचं बोट बटणाजवळच होतं. मांडीवर बाळ घेऊन रोहिणी ओरडली, "अहो, हात मागे घ्या आधी! पोर आजारी पडली म्हणून कुणी पुसून नवी करतं का?"

भिमाबाईने मला उचललं. सवयीने तिचा हात कुंचीच्या आत गेला, बाळाचं अंग बघावं तसा.

"माय वं! इले तं ताप येल शे!"

"माय, डिस्कला कुठे ताप येतो?"

"मंग हात लाईसन देख!"

नवनाथने हात लावला आणि चटकन मागे घेतला. सगळ्यांची नजर कुंचीवर गेली. मग भिमाबाईच हसायला लागली, आवाज नसलेलं, पोट धरून. "ह्या उकाडामा मीच कापूस भरा वं!"

नाडी सुटली. कुंची सोनमने तिथल्या तिथे बाहुलीला घातली. मला पालथ्या ताटावर ठेवून पंखा लावला. त्यांचा चहा होईपर्यंत मी गार झाले. मग वायर जोडली, आणि चकती अशी सुरेख फिरली म्हणता!

"लाव लाव, पाळणा लाव," नवनाथ म्हणाला.

"आधी सगळं प्रमिलाताईंच्या लॅपटॉपवर उतरवा. ऐकायचं मग," रोहिणी म्हणाली. शहाणी बाई!

दुसऱ्या दिवशी बारसं. पाहुण्यांनी खोली भरली, बाळाचं नाव कावेरी ठेवलं, पाळणा हलला आणि माझ्या पोटातून भिमाबाई गाऊ लागली. सगळे डोळे पुसतायत तोच ओळीत नाव आलं: सोनम!

"ते माझं नाव आहे!" सोनम फुरंगटली. सगळ्यांची तोंडं गोरीमोरी. पुढच्या कडव्यात नाव येणार तोच सोनमने पाळण्यात डोकावून पाहिलं, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून किंचाळली, "कावेरीऽऽ!" तिसऱ्या कडव्याला तर अख्खी खोली ओरडली. भिमाबाईचा घसा बसलेला, तरी टाळी तिचीच सगळ्यांत मोठी.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल. ती अडखळली तर रागावू नका, आणि कुणी सांगितलं म्हणून लगेच पुसून टाकू नका. तिला जरा गार होऊ द्या. बोलायला लागली की तिच्या पोटातलं आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा. लाडही जरूर करा, फक्त ज्याचे करता त्याला काय हवंय ते आधी बघा.

आता माझ्या पोटात दोन पाळणे आहेत. दुसरा कावेरीच्या बारशात टिपलेला; त्यात नुसता आरडाओरडा आहे, गाणं जेमतेम ऐकू येतं. रोहिणी रोज तोच लावते, आणि कावेरी त्या गोंगाटात गाढ झोपते.